लूप, झाड आणि बॉस्टनचे ते चार दिवस

मंडळी, ऑफिसातलं नेटवर्क चालू असतं तेव्हा त्याची आठवण कुणालाच येत नाही. बंद पडलं की मात्र "हे आयटीवाले करतात तरी काय?" असं सगळे विचारतात :-) या वीकांताला लिहायचंय ते अशाच एका बंद पडलेल्या नेटवर्कबद्दल. पण त्यासाठी आधी थोडं मागे जावं लागेल.

१९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना कागदावर मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने ती चालवूनही दाखवली. एकच जाड केबल आणि सगळी यंत्रं तिलाच जोडलेली. एकजण बोलला की सगळ्यांना ऐकू जाणार, चाळीच्या गॅलरीसारखं. केबलच्या लांबीला मर्यादा होती, म्हणून पुढे दोन केबल जोडणारी पेटी आली. तिचं नाव ब्रिज. आजचा स्विच म्हणजे त्याच ब्रिजचा बऱ्याच तोंडांचा वंशज.

आता तुम्ही म्हणाल, मधली एखादी केबल तुटली तर? एक जादा वाट ठेवूया की! आणि घोळ नेमका इथेच होतो. जादा वाटेमुळे नेटवर्कमध्ये गोल चक्कर तयार होतं, म्हणजेच लूप. आयपी पॅकेटला आयुष्य मोजून दिलेलं असतं. वाटेतला प्रत्येक राउटर तो आकडा एकाने कमी करतो आणि शून्य झालं की पॅकेट खलास. इथरनेटच्या फ्रेममध्ये असा आकडाच नाही. 'सगळ्यांसाठी' म्हणून पाठवलेली एक फ्रेम लूपमध्ये शिरली की फिरतच राहते. प्रत्येक स्विच तिच्या नव्या प्रती बाकीच्या पोर्टांवर सोडत जातो आणि बघता बघता खऱ्या कामाला जागाच उरत नाही.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये हा प्रश्न रेडिया पर्लमन यांच्याकडे आला. १९८५ मध्ये त्यांनी आपलं उत्तर प्रसिद्ध केलं, ते म्हणजे स्पॅनिंग ट्री. सगळ्या ब्रिजनी मिळून एक म्होरक्या निवडायचा. ज्याचा क्रमांक सगळ्यात लहान, तो म्होरक्या. त्याच्यापर्यंतची जवळची वाट प्रत्येकाने चालू ठेवायची आणि जादा वाटा बंद करून टाकायच्या. मग उरतं ते झाड. फांद्या भरपूर, पण गोल चक्कर एकही नाही. म्होरक्या दर २ सेकंदांनी "मी आहे" असा निरोप पाठवत राहतो. साधारण २० सेकंद निरोप आला नाही, तर वाट तुटली असं समजून बंद वाट उघडायची. पर्लमनबाईंनी या अल्गोरिदमवर एक छोटी कविताही केली! १९९० मध्ये हे सगळं अधिकृत मानक झालं. त्यातली वेळेची गणितं मात्र एक गोष्ट गृहीत धरतात. कुठल्याही वाटेवर सातपेक्षा जास्त ब्रिज नसावेत.

आता बॉस्टन. १९९६ मध्ये दोन रुग्णालयं एकत्र येऊन तिथे बेथ इझ्रायल डीकोनेस मेडिकल सेंटर तयार झालं. नेटवर्क मात्र तुकड्यातुकड्याने वाढलं. आज इथे एक स्विच, उद्या तिथे एक. काही वाटा सातच्या पुढे गेल्या, तरी काम चालत होतं म्हणून कुणाला जाणवलं नाही. १३ नोव्हेंबर २००२ रोजी एका संशोधकाच्या सॉफ्टवेअरने नेटवर्कवर प्रचंड डेटा लोटला. स्विच इतके गुंतले, की "मी आहे" हे निरोप वेळेवर पोचेनात. निरोप नाही म्हणजे वाट तुटली, असं समजून बंद वाटा उघडल्या. लूप झाले. गर्दी वाढली. मग आणखी निरोप हरवले... थोडक्यात काय, तर तुटलेलं काहीच नव्हतं, पण नेटवर्कची समजूत तशी झाली होती.

जवळपास चार दिवस रुग्णालय कागदावर चाललं. रक्ताच्या तपासण्यांचे निकाल, औषधांच्या सूचना, सगळं माणसं हातात घेऊन पळत होती. सिस्कोचे इंजिनियर नवी सामग्री घेऊन आले. त्यांनी आधी नेटवर्कचा खरा नकाशा शोधून काढला, मग मधे राउटर घालून त्याचे तुकडे पाडले. एका भागातली आग दुसरीकडे पसरू नये, म्हणून.

तिथले तेव्हाचे माहिती-तंत्रज्ञान प्रमुख जॉन हालम्का स्वतः डॉक्टर. त्यांनी हे सगळं झाकून न ठेवता जगाला सांगितलं, म्हणून आज आपल्याला ते माहीत आहे. त्यांनी सांगितलेले धडे अगदी साधे आहेत. नेटवर्कची सगळी माहिती एकाच माणसाच्या डोक्यात नको. बदल करायचा तर विचारून आणि नोंद ठेवून. अधूनमधून बाहेरच्या जाणकाराकडून तपासणी. आणि सगळं बंद पडलं तर काय करायचं, याची तयारी आधीच.

असो. स्विच, केबल विकत मिळतात, वेगही मिळतो. नकाशा मात्र स्वतःच काढावा लागतो, आणि प्रत्येक नव्या केबलबरोबर पुन्हा सुधारावा लागतो. सोमवारी ऑफिसात गेलात की आपल्या नेटवर्कचा नकाशा कुठे आहे, एवढं विचारून बघा. मिळालाच, तर शेवटचा कधी सुधारला तेही बघा.