ग्रॅनाडाच्या यादीत माहुली

गेल्या महिन्यात दुबईहून भाच्याचा फोन आला. "अस्सलामु अलैकुम मामू. आम्ही दोघं स्पेनला चाललोय, दक्षिणेकडे. काय काय बघू, सांगा." मी स्पेनला कधी गेलेलो नाही. धसईहून कल्याणला जायचं तरी मला एसटीची वाट बघावी लागते. पण अंदलूसचा विषय निघाला की मामू थांबत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

रात्री यादी करायला बसलो. कुर्तुबा, म्हणजे कॉर्डोबाची मशीद. 785 च्या सुमारास काम सुरू झालं. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानींची रांगच्या रांग, आणि मधोमध सोळाव्या शतकात उभं केलेलं चर्च. सेव्हिलचा गिराल्डा मूळचा मशिदीचा मिनार, आता चर्चची घंटा तिथं वाजते. वर चढायला पायऱ्यांऐवजी उताराचा रस्ता आहे, म्हणजे गुडघेदुखीवाल्यांचीही सोय. रोंदाची खोल दरी आणि तिच्यावरचा पूल. शेवटी ग्रॅनाडाचा अलहंब्रा. तिथल्या नसरी महालांत शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकवू नकोस, असंही लिहिलं.

ग्रॅनाडा लिहिताना हात थांबला. 2 जानेवारी 1492 रोजी शेवटचा सुलतान अबू अब्दुल्लाह याने शहर फर्डिनांड आणि इझाबेला यांच्या स्वाधीन केलं. धर्माला हात लावणार नाही, असं तहात लिहिलं होतं. ते दहा वर्षंही टिकलं नाही. 1609 पासून तर बाप्तिस्मा घेतलेल्या मुसलमानांच्या वंशजांनाही देशाबाहेर काढलं. नसीम हिजाझींची 'शाहीन' वाचून माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी या ग्रॅनाडासाठी डोळे पुसले आहेत. मीही पुसले.

पण 1492 च्या आसपास आपल्याकडे काय चाललं होतं? धसईच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे, तिच्यापलीकडे जुन्नर. तिथून मलिक अहमदने 1490 मध्ये बहामनींपासून वेगळं होऊन निजामशाही उभी केली आणि 1494 मध्ये अहमदनगर वसवायला घेतलं. फरिश्ता लिहितो, की त्याचा बाप जन्माने ब्राह्मण, घराणं पाथरीचं. पुढे याच राज्याचा कारभार मलिक अंबर या गुलाम म्हणून आलेल्या हबशाने सांभाळला, मराठा घोडदळाच्या जोरावर. स्पेन आपली माणसं हाकलत होता, ती हीच वर्षं.

या राज्याचा शेवट कुठं झाला, हे मात्र आमच्या गावात कुणी सांगत नाही. 1633 मध्ये मुघलांनी दौलताबाद घेतलं आणि हुसेन निजामशहाला ग्वाल्हेरच्या कैदेत टाकलं. राज्य संपलं, असं सगळ्यांनी धरलं. शहाजीराजे भोसल्यांनी धरलं नाही. नाणेघाटाच्या माथ्याशी जीवधनचा किल्ला आहे. तिथं कैदेत असलेला निजामशाही घराण्यातला एक लहान मुलगा, मुर्तजा, त्यांनी बाहेर काढला, पेमगिरीवर त्याला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने तीन वर्षं राज्य चालवलं. 1636 मध्ये शाहजहान स्वतः दख्खनेत उतरला. आदिलशहाने त्याच्याशी तह केला. शहाजीराजे मागे हटत हटत माहुलीवर आले. मुघलांचा खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान यांनी गडाला वेढा घातला. वर्षाच्या अखेरीस गड द्यावा लागला, मुलगा मुघलांच्या हवाली झाला आणि शहाजीराजे आदिलशाहीत गेले.

म्हणजे शेवटच्या निजामशहाची कहाणी जीवधनवर सुरू झाली आणि शहापूरच्या माहुलीवर संपली. एक आमच्या पूर्वेला, दुसरा वायव्येला. धसई मध्ये.

यावर डोळे पुसायला लावणारी कादंबरी माझ्या हाती का आली नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, ही गोष्ट कुणाच्याच सोयीची नाही. मुसलमान राज्य बुडवणारे इथं मुसलमान बादशहाच आहेत आणि त्या राज्याच्या पोरक्या वारसाला शेवटपर्यंत सांभाळणारा भोसले आहे. आमच्या मोहल्ल्यात तक्रार करायला शत्रू सापडत नाही आणि शिवजयंतीच्या भाषणात शहाजीराजांचा हा निजामशहा एका वाक्यात उरकला जातो. रडायचं तर कुणाच्या नावाने, हेच ठरत नाही. मग ग्रॅनाडा बरा. तो लांब आहे.

अलहंब्रासारखं माहुलीवर काही नाही, हे कबूल. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे तीन डोंगर जोडून आहेत. वर मोडका दरवाजा, पहारेकऱ्यांच्या देवड्या, पाण्याचं टाकं, बाकी रान. पण भंडारगडाच्या टोकाला नवरा, नवरी आणि भटजी हे सुळके एकदा बघितले की माणूस बराच वेळ बोलत नाही. जीवधनची कोठी आणि समोरचा वानरलिंगी सुळका याच जातीचे. त्याच वाटेवर नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांचा लेख आहे. तो तर बघायलाच हवा.

यादी पाठवली. खाली दोन नावं जास्तीची लिहिली, जीवधन आणि माहुली. लगेच भाच्याचा मेसेज आला : "मामू, ही दोन स्पेनमध्ये कुठं येतात?"

लिहिलं, डिसेंबरात घरी ये. पावसात माहुलीच्या शिडीवर निसरडं असतं.