खिळा, फाँट आणि चित्र : अक्षराच्या मालकीविषयी

मराठी पुस्तकाचे श्रेयपान उघडून पाहावे. प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी करणारा, मुखपृष्ठकार अशी नावे तेथे ओळीने मांडलेली असतात. ज्या वळणाच्या अक्षरात ते पुस्तक छापले गेले त्या वळणाचे नाव मात्र क्वचितच आढळते. ते अक्षर कोणी घडविले आणि विक्रीच्या पुस्तकात ते वापरण्याचा अधिकार प्रकाशकाला कोठून मिळाला, हे प्रश्न आपल्या ग्रंथेतिहासात जवळजवळ विचारलेच गेलेले नाहीत. ते विचारावयास हवेत असे आम्हांस वाटते. एखादे छोटे प्रकाशन किंवा महाविद्यालयातील मराठी विभाग कवितासंग्रह, दिनदर्शिका किंवा भेटकार्डे काढून विकू लागतो, तेव्हा पहिला खर्च आणि पहिली कायदेशीर अडचण या दोनच ठिकाणी उभी राहते : अक्षर आणि चित्र.

शिशाच्या काळात निदान अक्षरापुरते उत्तर सोपे होते. जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) यांनी लहानपणी मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली नोकरी केली. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे : आधी अक्षर, मग ग्रंथ. पोलादी पंचावर अक्षर कोरण्याचे कसब त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांचे. निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांची ख्याती आपण शुद्ध पाठासाठी सांगतो. परंतु त्या ख्यातीत आरूंच्या कोरणीचा वाटा किती, हे कोणत्याही वाङ्मयेतिहासाने मोजलेले आमच्या पाहण्यात नाही.

हे खिळे अन्य छापखान्यांनाही विकले जात. खिळा म्हणजे वस्तू, आणि वस्तूचा व्यवहार वजनावर. ज्याने शिसे विकत घेतले त्याने त्या अक्षरांनी पोथी छापावी, पंचांग छापावे, नाही तर लग्नपत्रिका. किती प्रती आणि कोणत्या किमतीला, हे विचारावयास कोणी येत नसे. खिळे झिजले की वितळवून टाकायचे. मालकी आणि वापर यांत फट नव्हती. आकाराची चोरी मात्र तेव्हाही शक्य होती. ओतलेल्या खिळ्यावर विजेच्या साहाय्याने तांब्याचा थर चढवून त्याचा साचा बनविण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जगभरच्या टाइप-व्यवसायात माहीत होती. ज्याने वर्षानुवर्षे पंच कोरले त्याचे श्रम दुसऱ्याने काही दिवसांत उचलावेत, ही तक्रार संगणकाच्या बरीच आधीची आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अक्षर संगणकात आले आणि हा व्यवहार मुळातून पालटला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी', सी-डॅकची 'आयएसएम' आणि 'आकृती' या प्रणालींवर मराठी अक्षरजुळणीची एक अख्खी पिढी वाढली. या प्रणालींनी मराठी डीटीपी शक्य केले, हे ऋण मान्यच करावयास हवे. परंतु आता ग्राहकाच्या हाती वस्तू नव्हे, परवानगी येत होती. आपण 'फाँट विकत घेतला' असे म्हणतो, ते खिळ्यांच्या काळातले क्रियापद आहे. प्रत्यक्षात घेतलेला असतो तो एका किंवा मोजक्या संगणकांवर ठराविक अटींनी वापरण्याचा परवाना. त्या परवान्याची राखण करण्यासाठी संगणकाला एक छोटे कुलूप जोडावे लागे. ते कुलूप काढले की अक्षरे गप्प. फाँटची फाइल मात्र फ्लॉपीवरून हिंडू शकत होती, आणि ती हिंडलीही. परवाना कोणाकडे आहे हे न विचारताच अक्षरजुळणी करून घेण्याची सवय मराठी प्रकाशनव्यवहाराला तेव्हा लागली.

येथे कायद्यातील एक गंमत साहित्याच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवावी. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात 'वाङ्मयीन कृती' या व्याख्येत संगणक-प्रणालीचाही समावेश आहे. फाँटची फाइल ही अशी प्रणाली मानली, की कवितासंग्रह आणि तो ज्यात छापला तो फाँट कायद्याच्या एकाच रकान्यात येऊन बसतात. अमेरिकेतही भेद असाच आहे : अक्षराच्या नुसत्या आकाराला तेथे कॉपीराइटचे संरक्षण नाही, फाँटच्या प्रणालीला आहे.

त्या काळाचा दुसरा परिणाम अधिक खोल गेला. प्रत्येक कंपनीच्या फाँटची अंतर्गत संकेतमांडणी निराळी होती. एका फाँटमध्ये जुळविलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटे. नव्वदच्या दशकात अशा प्रकारे जुळविलेली पुस्तके आज पुनर्मुद्रित करावयाची तर जुना फाँट आणि त्याचा परवाना तरी हवा, नाहीतर सर्व मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून जोडाक्षरांसकट पुन्हा तपासावयास हवा. अक्षराची मालकी अशा रीतीने संहितेपर्यंत पोहोचली. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. परंतु सामान्य लेखकाच्या संगणकावर ती आली ती 'विंडोज २०००' आणि र. कृ. जोशी यांनी रेखाटलेल्या 'मंगल'बरोबर.

खरा पालट परवान्याने केला. एसआयएल या संस्थेने २००५ मध्ये मुक्त फाँट-परवाना मांडला आणि २००७ मध्ये त्याची सुधारित, आज प्रचलित असलेली आवृत्ती आली. त्याच्या अटी थोडक्यात अशा : फाँट कोणत्याही कामासाठी वापरावा, त्यात छापलेले पुस्तक, कप किंवा सदरा खुशाल विकावा, नुसता फाँट तेवढा विकू नये, त्यात बदल केल्यास नवा फाँट याच परवान्याखाली द्यावा आणि मूळ कर्त्याने नाव राखून ठेवले असल्यास ते वापरू नये. खिळ्यांच्या गिऱ्हाइकाला जे स्वातंत्र्य होते ते येथे परत मिळाले, शिवाय पंच उघडून दुरुस्त करण्याची मुभाही. मुंबईच्या 'एक टाइप' या समूहाचे मुक्त, बालू, मोदक हे फाँट याच परवान्याखाली आहेत.

'फुकट' आणि 'मुक्त' यांतला भेद मात्र विसरू नये. फुकट उतरवून घेता येणारे कितीतरी फाँट केवळ वैयक्तिक वापरासाठी असतात. त्यांत छापलेले भेटकार्ड मित्राला देता येते, दुकानात ठेवता येत नाही. 'मंगल'चेही निराळे : त्यात मजकूर जुळविता येतो, पण फाइल काढून दुसऱ्याला देण्याची मुभा नाही. फाँटसोबत आलेली परवान्याची छोटी फाइल वाचणे हे मुद्रितशोधनाइतकेच संपादकाचे काम आहे.

आणि मुक्त असलेला प्रत्येक फाँट प्रत्येक कामाला योग्य असतो असेही नाही. बालूचे गुबगुबीत वळण बालपुस्तकाच्या मुखपृष्ठावर शोभते. त्यात कादंबरी वाचणे ही शिक्षा होईल. शिवाय पुष्कळ फाँटमधले ल आणि श हिंदी वळणाचे असतात. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठी रूपे मान्य केली. फाँट निवडताना प्रथम ही दोन अक्षरे टाइप करून पाहावीत. दीर्घ गद्यासाठी आम्ही 'टिरो देवनागरी मराठी'कडे बोट दाखवू. तिचे मूळ वळण जॉन हडसन आणि फिओना रॉस यांनी मूर्ती क्लासिकल लायब्ररीच्या ग्रंथांसाठी घडविले, आणि त्यामागची प्रेरणा आहे निर्णयसागरचा टाइप. आरूंनी कोरलेल्या परंपरेचा वारसा कॅनडा-इंग्लंडमार्गे, विनामूल्य आणि कायदेशीर, मुंबईला परत आला आहे.

चित्रांची कथा याहून गुंतागुंतीची, कारण तेथे माणसाचे मृत्युवर्ष मोजावे लागते. भारतात चित्रकाराच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे कॉपीराइट टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांचे लेखन १९९१ अखेर मुक्त होणार म्हणून ती वाढविण्यात आली. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या चित्रांचा प्रश्न उरत नाही. मात्र १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला त्यांचा शिळाछापखाना पुढे दुसऱ्याच्या हाती गेला आणि त्यांच्या निधनानंतरही चालू राहिला. त्या नावाने निघालेले प्रत्येक चित्र त्यांच्या हातचे नसते. प्रत्येकाची तारीख स्वतंत्रपणे पाहावी लागते. म. वि. धुरंधर १९४४ मध्ये गेले. त्यांची चित्रे २००५ च्या आरंभापासून मुक्त आहेत आणि दिनदर्शिकेसाठी यापरते धन नाही. छायाचित्रांची मुदत पूर्वी प्रसिद्धीपासून मोजत; २०१२ च्या दुरुस्तीने त्यांनाही छायाचित्रकाराच्या निधनानंतरची ६० वर्षे लागू झाली. जिवंत कलावंतांच्या चित्रांसाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आहेत. पण त्यांपैकी 'अव्यापारी' अट असलेले चित्र विक्रीच्या वस्तूवर चालत नाही, हे उत्साहाच्या भरात विसरले जाते.

सर्वांना हवी असतात ती दिवाळी अंकांची जुनी मुखपृष्ठे. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये वारले, रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये. म्हणजे दलालांची चित्रे १ जानेवारी २०३२ ला मुक्त होतील, मुळगावकरांची २०३७ ला. तोवर परवानगी हवी, आणि ती कोणाकडे मागावयाची हेही चित्रागणिक बदलते. मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, निराळा करार नसल्यास, काढून घेणारा ठरतो. तेव्हा दलालांनी स्वतःच्या 'दीपावली'साठी केलेल्या मुखपृष्ठांसाठी त्यांच्या वारसांचे दार ठोठवावे. एखाद्या प्रकाशनगृहासाठी त्यांनी केलेल्या कादंबरीच्या मुखपृष्ठासाठी त्या प्रकाशनगृहाचा जुना पत्रव्यवहार आधी धुंडाळावा लागेल.