मोझॅक कॅमेरा (खगोलीय)

मोझॅक कॅमेरा : दुर्बिणीच्या नाभीप्रतलावर अनेक सीसीडी संवेदक (प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करणाऱ्या सिलिकॉन चिप) शेजारी-शेजारी बसवून आकाशाचा विस्तृत भाग एकाच वेळी टिपणारा डिजिटल कॅमेरा. सीसीडीचा शोध विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये लावला. चिप जितकी मोठी तितकी ती सदोष निघण्याची शक्यता जास्त. म्हणून लहान चिप जुळवण्याची पद्धत रूढ झाली. चिलीतील सेरो टोलोलो येथील डार्क एनर्जी कॅमेऱ्यात (२०१२) प्रतिमेसाठी ६२ सीसीडी आहेत.

रचनेतील अडचणी : दोन चिपांमधील फटीत पडलेला प्रकाश वाया जातो. त्यासाठी जोडण्या चिपच्या पाठीमागे नेतात आणि लागोपाठच्या छायाचित्रांत दुर्बीण किंचित सरकवतात. उष्णतेमुळे सिलिकॉनमध्ये प्रकाशाविनाही विद्युतभार साठतो, म्हणून संवेदक निर्वात पेटीत अतिथंड ठेवावे लागतात. थंडीत सगळे भाग आकसतात. तरीही चिपांचा पृष्ठभाग एका पातळीत राहिला पाहिजे, नाहीतर प्रतिमेचा काही भाग धूसर होतो. चिपवरील माहिती घाईने वाचली तर गोंगाट (संकेतात मिसळणारी नकोशी विद्युत गडबड) वाढतो. यावर उपाय म्हणजे एकाच वेळी अनेक वाहिन्यांतून वाचन.

रुबिन वेधशाळेचा कॅमेरा : हा जगातील सर्वांत मोठा डिजिटल कॅमेरा अमेरिकेतील स्लॅक प्रयोगशाळेत बांधला गेला. यात ३.२ अब्ज पिक्सेल, १८९ मुख्य सीसीडी आणि सुमारे ६४ सेंमी. व्यासाचे नाभीप्रतल आहे. संवेदकांचे तापमान सुमारे उणे १०० अंश सेल्सिअस असते. प्रत्येक चिपला १६ वाहिन्या असल्याने संपूर्ण प्रतिमा सुमारे दोन सेकंदांत वाचून होते. नऊ-नऊ चिपांचे २१ संच असून त्यांना ‘राफ्ट’ म्हणतात. कोपऱ्यांतील चार वेगळे राफ्ट दुर्बिणीचा रोख व फोकस तपासतात. शेजारच्या राफ्टमधील अंतर अर्ध्या मिलिमीटरहून कमी आहे. बसवताना कडांचा नुसता स्पर्श झाला तरी चिपला तडा जाण्याचा धोका होता आणि एका राफ्टची किंमत ३० लाख डॉलरपर्यंत होती. त्यामुळे हे काम सुमारे सहा महिने चालले. अचूक जुळणी हाच अशा कॅमेऱ्याचा खरा कस असतो, हे यावरून कळते.

मार्च २०२५ मध्ये हा कॅमेरा चिलीतील सेरो पाचोन येथील रुबिन वेधशाळेच्या ८.४ मी. व्यासाच्या दुर्बिणीवर बसवण्यात आला. त्याने टिपलेली पहिली छायाचित्रे २३ जून २०२५ रोजी प्रसिद्ध झाली.