कऱ्हाडच्या पोटातले करहाटक

श्रोतेहो, महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दक्षिण दिग्विजयाची हकीकत आहे. धर्मराजाच्या राजसूय यज्ञासाठी धन हवे, म्हणून चार भाऊ चार दिशांना निघाले आणि दक्षिण दिशा सहदेवाच्या वाट्याला आली. जिंकलेल्या राजांची आणि नगरांची लांबलचक यादी तिथे दिली आहे, आणि त्या यादीत एक नाव येते करहाटक. हे करहाटक म्हणजे आपले कऱ्हाड. कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे, एस.टी.च्या पाटीवर 'कराड' म्हणून लिहिलेले. सहदेव तिथे स्वतः आलाच नाही. त्याने नुसता दूत पाठवला आणि करहाटकाने मुकाट्याने कर भरला, असे व्यास सांगतात. आजच्या कऱ्हाडकरांना हे पटणार नाही, पण ग्रंथात तसे आहे खरे!

मला आज सांगायची गोष्ट त्याच्या पुढची आहे. करहाटकानंतर एक श्लोक सोडून पुढच्या श्लोकात आणखी दोन नगरांची नावे येतात, अंताखी आणि रोमा. आपल्या जुन्या छापील पोथ्यांत ती सापडायची नाहीत. तिथे 'आटवी' नावाच्या एका 'रम्य' पुरीचा उल्लेख असे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा सभापर्वाचे संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडिताकडे होते. ते पर्व 1944 साली प्रसिद्ध झाले. हस्तलिखिते ताडून पाहताना एजर्टनच्या ध्यानात आले की मूळ पाठ 'रम्या' नसून 'रोमा' आहे, आणि 'आटवी' नसून 'अंताखी' आहे. नकलून घेणाऱ्या लेखकांना ही परदेशी नावे कळली नाहीत. त्यांनी आपल्या परीने ती सुधारून टाकली. रोमा म्हणजे रोम, आणि अंताखी म्हणजे ग्रीकांचे अँटिऑक, आजच्या तुर्कस्तानातले अंताक्या. गंमत अशी, की तिथेही सहदेवाने दूतच पाठवला.

तेव्हा करहाटक आणि अंताखी ही दोन नावे त्या कवीच्या डोक्यात शेजारी शेजारी होती. भूगोलात ती किती लांब आहेत! पण व्यापाराच्या वाटेवर ती एकाच दोरीत ओवलेली होती, असे म्हणायला जागा आहे.

अंताखी वसवली सेल्युकसने, इसवी सनापूर्वी 300 मध्ये, आणि आपल्या बापाचे, अँटिओकसचे, नाव तिला दिले. हा सेल्युकस म्हणजे चंद्रगुप्त मौर्याशी तह करणारा. त्याच्या नातवाचे नावही अँटिओकसच. अशोकाने आपल्या शिलालेखांत ज्या 'अंतियोक' नावाच्या यवनराजाचा उल्लेख केला आहे, तो हाच नातू असे बहुतेक पंडित मानतात. पुढे ऑगस्टसच्या काळात हिंदुस्थानातून निघालेले एक वकिलांचे मंडळ रोमन बादशहाच्या भेटीला जाताना अंताखीजवळ थांबले होते. दमास्कसच्या निकोलस नावाच्या इतिहासकाराने त्यांना तिथे पाहिले आणि त्याची हकीकत स्ट्रॅबोने आपल्या भूगोलात नोंदवून ठेवली. बरीच माणसे वाटेत दगावली होती, तिघेच उरले होते. त्यांच्याजवळ कातड्यावर ग्रीक भाषेत लिहिलेले पत्र होते, आणि नजराण्यात मोठाले साप व एक प्रचंड कासव! त्यांच्याबरोबरचा एक जण आपल्या भडोचचा होता, असेही स्ट्रॅबो सांगतो. भडोच हे दख्खनच्या मालाचे बंदर. पैठण-तेरचा माल बैलगाड्यांवर लादून तिथे जात असे.

अंताखीचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. इसवी सन 526 मध्ये प्रचंड भूकंपाने शहर जमीनदोस्त झाले. जस्टिनियन बादशहाने ते पुन्हा उभारले. लढाया झाल्या, राज्ये बदलली, डोंगरावरून येणारी माती आणि नदीचा गाळ साचत गेला. 1932 ते 1939 या काळात अमेरिकन व फ्रेंच मंडळींनी तिथे उत्खनन केले, तेव्हा रोमन काळचा मुख्य रस्ता आजच्या रस्त्याच्या खाली कित्येक हात खोल निघाला. रंगीत खड्यांच्या नक्षीच्या सुंदर फरशा मिळाल्या. पण सबंध प्राचीन शहर काही हाती लागले नाही. लागणार कसे? वर माणसे राहत होती. आणि 6 फेब्रुवारी 2023 च्या भूकंपाने ते वरचे शहरही पुन्हा कोसळले.

आता आपण संगमावर येऊ. उत्तरेकडून कृष्णा येते, तिच्यासमोर कोयना येते, दोघी समोरासमोर भेटतात आणि पूर्वेकडे वळतात. नद्या सहसा अशा भेटत नाहीत, म्हणून लोकांनी त्याला प्रीतिसंगम म्हटले. तिथे काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. येणारा माणूस समाधीला हात जोडतो, वाळवंटात भेळ खातो आणि परत जातो. त्याच्या पाठीशी जी उंच दरड उभी असते, तिच्याकडे तो पाहत नाही.

खरे कऱ्हाड त्या दरडीत आहे. जुन्या गावाखालची जमीन ही नुसती जमीन नव्हे, ते पांढरीचे टेकाड आहे. आपल्याकडे शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. दोन हजार वर्षांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंतींची माती, फुटकी खापरे, हे सारे थरावर थर चढत गेले आणि गाव आपल्याच कचऱ्यावर उंच झाले. पावसाळ्यात नद्या फुगतात, दरड ढासळते, आणि पूर ओसरल्यावर माती कोरलेल्या जागी खापरे दिसू लागतात. विटा दिसतात. ही वीट आजच्यासारखी नव्हे. जवळजवळ हातभर लांब, रुंद आणि पातळ. सातवाहनांच्या काळची वीट अशीच असते. पुराणवस्तूंचे अभ्यासक मोरेश्वर दीक्षित यांनी कऱ्हाडच्या या अवशेषांचा शोध घेऊन 1949 साली त्याचा वृत्तान्त पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. त्याआधी थोडेच, 1945-46 मध्ये, डॉ. सांकलिया आणि दीक्षित यांनी कोल्हापुरास पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीचे उत्खनन केले होते. ब्रह्मपुरीला रोमन समुद्रदेवतेची काशाची मूर्ती मिळाली, म्हणून तिचे नाव झाले. कऱ्हाडला असे डोळे दिपवणारे काही मिळाले नाही. त्यामुळे ते मागे पडले, आणि माझ्या मते हा अन्याय आहे.

अन्याय अशासाठी म्हणतो, की या गावाने आपली साक्ष स्वतःच्या घरी ठेवली नाही, दुसऱ्याच्या दारी ठेवली. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भारहूत नावाचे खेडे आहे. तिथल्या बौद्ध स्तूपाचा दगडी कठडा कनिंगहॅमला 1873 मध्ये सापडला. आज तो कलकत्त्याच्या संग्रहालयात आहे. कठड्याच्या एकेका दगडावर तो देणाऱ्याचे नाव कोरलेले आहे. कोणी विदिशेची बाई, कोणी पाटलिपुत्राची. आणि एका दगडावर ब्राह्मी अक्षरांत आहे, करहकट निगमाचे दान. हे करहकट म्हणजेच करहाटक. निगम म्हणजे व्यापारी पेठ, बाजारपेठेचे गाव.

जरा विचार करा. हे एका शेटजीचे दान नाही. दान सबंध गावाचे आहे. आज आपण गावजत्रेला किंवा देवळाच्या कळसाला वर्गणी काढतो ना, तशी वर्गणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकात कऱ्हाडच्या पेठेने काढली आणि ती भारहूतला पोचती केली. भारहूत कऱ्हाडपासून सरळ रेषेत हजार किलोमीटरांवर. वाटेत सह्याद्रीचे फाटे, गोदावरी, तापी, नर्मदा, विंध्याची जंगले. ज्या गावात अशी वर्गणी जमते, तिथे पंच असले पाहिजेत, हिशेब लिहिणारा असला पाहिजे, पैसे देऊन ज्याच्यावर विसंबावे असा तांडा असला पाहिजे. त्या एका ओळीवरून एवढे सगळे गाव उभे राहते. याच कठड्यावर करहकटच्या आणखीही दात्यांची नावे आहेत. म्हणजे हा एखाद्या चुकल्या वाटसरूचा प्रकार नव्हे.

दुसरी साक्ष कोकणातली. रायगड जिल्ह्यात मांदाडच्या खाडीजवळ कुडे इथे लेणी आहेत. तिथले एक लेणे महिक नावाच्या माणसाने कोरवून दिले. लेखात त्याचा धंदा दिला आहे, तो लोखंडाचा व्यापारी. आणि गाव दिले आहे, करहाकड. लोखंडाचा व्यापारी खाडीच्या तोंडाशी लेणे कोरवतो, याचा अर्थ त्याचे बैल वर्षानुवर्षे घाट उतरत होते. कऱ्हाडहून कोयनेच्या खोऱ्याने पाटण, हेळवाक आणि मग कुंभार्ली घाटाने खाली चिपळूण, ही वाट आजही चालू आहे. महिक कोणत्या वाटेने गेला हे लेखात नाही. पण घाट उतरल्यावाचून कोकण नाही, हे आपल्या भागात पोरालाही ठाऊक असते.

घरची साक्ष एवढीच, की कऱ्हाडच्या नैऋत्येला कोस-दीड कोसावर आगाशिवाचा डोंगर आहे, आणि जखिणवाडीच्या अंगाने व पलीकडे कोयनेच्या बाजूने त्याच्या कुशीत साठांहून अधिक लेणी आहेत. कार्ले-भाजे पाहून आलेला माणूस इथे निराश होतो. खडक चांगला नाही, खोल्या लहान, कोरीव काम जवळजवळ नाही. एका चैत्यगृहाच्या दर्शनी भागी चक्र आणि सिंह कोरलेले आहेत, संघमित्र नावाच्या दात्याचा एक लेख आहे, बाकी सगळे साधे. पण साठ लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंना रोज भिक्षा कोण घालत होते? खाली दिसणारे गाव. लेण्यांची ही संख्या म्हणजे त्या गावाच्या धान्याच्या कोठाराचे माप आहे, असे मी समजतो.

पुढचा इतिहास भरभर सांगतो, कारण तो पुस्तकांतून मिळतो. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शके 880 चा, म्हणजे इसवी सन 959 चा, ताम्रपट कऱ्हाडास मिळाला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी तो वाचून प्रसिद्ध केला. राजाची छावणी त्या वेळी दूर तमिळ देशात मेलपाटीस होती, आणि तिथून तो करहाट प्रांतातले एक गाव इथल्या मठाच्या गगनशिव नावाच्या शैव आचार्याला देतो आहे. भिक्षू गेले होते, शैव मठ आले होते, आणि गावाच्या दानधर्माचा ओघ तसाच वाहत होता. नंतर शिलाहार आले. त्यांची राजकन्या चालुक्य विक्रमादित्याने वरली, ते स्वयंवर बिल्हण या काश्मिरी कवीने रंगवून सांगितले आहे. मग आदिलशाही. अलीच्या अमदानीतल्या मशिदीचे दोन उंच मनोरे आजही गावात शिरताना दिसतात. मग पंत प्रतिनिधींचा कोट. त्या कोटाचे बुरूज कोयनेच्या बाजूने ढासळत गेले, पण तिथली पायऱ्यांची खोल विहीर, नकट्या रावळ्याची विहीर, पाहण्यासारखी आहे. दगडी बांधणी इतकी नेटकी, की खाली उतरताना आपण विहिरीत नसून एखाद्या तळघरात उतरतो आहोत असे वाटते. तिचा काळ कोणी काही सांगते, कोणी काही. असो.

भग्न हम्पी पाहायला माणसे लांबून येतात, कारण ते शहर मेले. कऱ्हाड मेले नाही, हीच त्याची अडचण. दोन हजार वर्षे लोक त्याच जागी राहत गेले, जुन्या विटा उपसून नव्या भिंतींत घालत गेले. पाया खणताना मोठी वीट लागली तर गवंडी खूश होतो, चांगली भाजलेली आहे म्हणून. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. महिकाच्या नातवानेही हेच केले असणार. पण पूर्वी पाया कमरेइतका खणत. आता यंत्राने दोन मजले खाली जातात आणि एका दिवसात वीस शतकांची माती मालमोटारीत भरून निघून जाते. उरलेले नदी नेते. सांगलीकर श्रोते म्हणतील, कऱ्हाडच्या गोष्टीशी आमचा काय संबंध? अहो, 2005 आणि 2019 च्या पुरानंतर तुम्ही घराघरांतून जो गाळ उपसलात, त्यात चिमूटभर तरी करहाटक असेलच.

म्हणून जाता जाता एक सांगतो. आपल्या परड्यात, पायात किंवा आडाच्या खोदाईत अशी वीट लागली, तर ती काढण्याआधी जमिनीपासून किती खोल आहे ते दोरीने मोजावे. विटेची लांबी, रुंदी, जाडी लिहावी. बरोबर खापरे, मणी, नाणे काय मिळाले ते त्याच कागदावर नोंदवावे आणि जवळच्या संग्रहालयाला किंवा कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना कळवावे. नाणे मिळाले तर ते चिंचेने घासून लख्ख करू नये, अक्षरे जातात. आणि हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी जखिणवाडीच्या वाटेने आगाशिवावर चढून जावे. धुके उतरले की खाली दोन्ही नद्या आणि त्यांच्या बेचक्यातले गाव दिसते. जुने गाव भोवतीच्या शेतांपेक्षा किती उंच आहे, ते तिथून ध्यानात येते.