नाकाडोंगरी व सातपुड्याच्या पायथ्याची वनस्थळे

नाकाडोंगरी : महाराष्ट्र राज्याच्या भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्याच्या उत्तर भागातील एक गाव. ते मध्य प्रदेशाच्या सीमेपासून जवळ, तुमसरहून कटंगीकडे जाणाऱ्या मार्गावर वसलेले असून त्याच्या नावाने एक वनपरिक्षेत्रही ओळखले जाते. सातपुड्याच्या दक्षिणेकडील उतरणी या भागात हळूहळू वैनगंगेच्या मैदानात विलीन होतात. येथे उत्तुंग शिखरे किंवा खोल दऱ्या नाहीत. सागवनाने झाकलेल्या बुटक्या टेकड्या, त्यांच्या कुशीतील तलाव आणि भाताच्या बांध्या हेच या प्रदेशाचे वैशिष्ट्य होय. या तिन्हींचा मेळ केवळ निसर्गाने घातलेला नाही. गेल्या तीन शतकांत गोंड राजवट, कोहळी शेतकरी, खाणउद्योग व वनप्रशासन यांच्या हातून हे भूदृश्य घडत गेले आहे. त्यामुळे येथील प्रेक्षणीय स्थळांची माहिती हा या घडणीचा इतिहासही ठरतो.

भूरचना : तुमसरच्या उत्तरेकडील टेकड्या अतिप्राचीन अशा सौंसर गटाच्या रूपांतरित खडकांच्या बनलेल्या आहेत. त्यांत अभ्रकी सुभाजा, संगमरवर, क्वॉर्ट्‌झाइट व मँगनीजयुक्त खडक आढळतात. भारतातील मँगनीज खनिजांचा पहिला विस्तृत अभ्यास भूवैज्ञानिक लुई ली फर्मर यांनी केला व तो १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. मँगनीजयुक्त गार्नेट व क्वॉर्ट्‌झ यांच्या मिश्रणाने बनलेल्या खडकाला त्यांनी या भागातील गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले व ते भूविज्ञानात रूढ झाले. अंबागडच्या टेकड्या, त्यांच्या आग्नेयीस पसरलेली गायखुरीची रांग आणि दक्षिणेकडील नवेगाव–प्रतापगडच्या टेकड्या यांनी वैनगंगेच्या खोऱ्याचा हा भाग व्यापला आहे. मध्य प्रदेशाच्या सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा ही येथील प्रमुख नदी असून बावनथडी ही तिची उपनदी नाकाडोंगरीच्या भागातून वाहते. बावनथडीवर मध्य प्रदेश व महाराष्ट्र या दोन राज्यांचा संयुक्त पाटबंधारे प्रकल्प असून त्याच्या जलाशयास राजीव सागर म्हणतात. भोवतालच्या वनाच्छादित टेकड्यांमुळे हा जलाशय प्रेक्षणीय झाला आहे.

अंबागड व गायमुख : देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या कारकीर्दीत त्याचा सुभेदार राजाखान पठाण याने सु. १७०० मध्ये अंबागडचा डोंगरी किल्ला बांधला. पुढे अठराव्या शतकात हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेला आणि किल्ल्याचा उपयोग बंदिशाळा म्हणून होऊ लागला. तटबंदी, बुरूज व आतील वास्तूंचे अवशेष आजही दिसतात. तटावरून उत्तरेकडे डोंगररांगा आणि दक्षिणेकडे भातशेतीचे मैदान असे दोन्ही प्रदेश एकाच वेळी दृष्टिपथात येतात. या ठिकाणी किल्ला बांधण्यामागील हेतू त्यावरून सहज उमगतो. किल्ल्यापासून जवळच गायमुख हे शैव तीर्थस्थान असून तेथे महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. तुमसर तालुक्यातीलच चांदपूर हे ठिकाण तेथील तलाव व टेकडीवरील हनुमान मंदिर यांसाठी प्रसिद्ध आहे.

मँगनीजच्या खाणी : विसाव्या शतकाच्या प्रारंभी नागपूर, भंडारा व बालाघाट या पट्ट्यात मँगनीजचे उत्खनन सुरू झाले. खनिजाच्या वाहतुकीसाठी तुमसर रोड स्थानकापासून तिरोडीपर्यंत लोहमार्गाची शाखा टाकण्यात आली. नाकाडोंगरीच्या आसमंतातील चिखला व डोंगरी बुजरुक येथील खाणी विशेष महत्त्वाच्या आहेत. त्यांपैकी डोंगरी बुजरुक ही उघडी खाण असून तेथील मँगनीज डाय-ऑक्साइड शुष्क विद्युत् घटांच्या निर्मितीसाठी वापरले जाते. या खाणी ‘मॉईल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीकडे असून तिची स्थापना १९६२ मध्ये झाली. खाणींनी या डोंगराळ मुलखात रोख मजुरी व रेल्वे आणली, त्याचबरोबर डोंगरांच्या कडा कापल्या गेल्या आणि खडकांच्या चुऱ्याचे ढिगारे उभे राहिले. प्रवाशाला दुरून नैसर्गिक टेकडी वाटणारा एखादा उंचवटा प्रत्यक्षात खाणीतून काढलेल्या टाकाऊ मालाचा असतो. झुडपे उगवल्यावर हा भेद ओळखणे अधिकच कठीण होते.

तलावांचा प्रदेश : भंडारा जिल्ह्यास ‘तलावांचा जिल्हा’ म्हणतात. १ मे १९९९ रोजी त्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हाही या नावास तितकाच पात्र आहे. येथील बहुतेक जुने तलाव कोहळी या शेतकरी जातीने बांधले. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यास त्याच्या पाण्याखालील जमीन इनाम किंवा सवलतीने देण्याची प्रथा पाडली. त्यामुळे टेकड्यांमधील खिंडी ओळखून मातीची पाळ घालण्याची आणि एका तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात उतरविण्याची कला येथे विकसित झाली. लहान तळ्यांना ‘बोडी’ म्हणतात. भात व ऊस ही या पाण्यावरची मुख्य पिके होत.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध तलाव म्हणजे गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने तो बांधला, असे मानले जाते. त्याचे क्षेत्र सु. १० चौ. किमी. व घेर सु. २७ किमी. आहे. तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात. त्या सात देवतांनी पाळ बांधण्यास साहाय्य केले, अशी आख्यायिका आहे. कोलू पाटलाला लोकांनी देवत्व दिले व कोलासुर म्हणून त्याची पूजा होऊ लागली. पाणी अडविणाऱ्या शेतकऱ्याचे दैवत व्हावे, यावरून या प्रदेशाच्या जीवनातील तलावाचे स्थान ध्यानात येते.

१९५० च्या कायद्याने तत्कालीन मध्य प्रदेशातील मालगुजारी नष्ट झाली व तलाव शासनाकडे आले. ‘माजी मालगुजारी तलाव’ हे त्यांचे नाव तेव्हापासून रूढ झाले. जमीनदारी शोषणातून कुळांची मुक्तता झाली, ही गोष्ट मोठीच होती. परंतु दरवर्षी गाळ काढणे, पाळीवर माती चढविणे व पाण्याची वाटणी करणे या कामांची जुनी ग्रामीण व्यवस्थाही तिच्याबरोबर विस्कटली. अनेक तलाव उथळ झाले, तर काहींच्या पोटात शेतीची अतिक्रमणे झाली. बेशरमसारख्या उपद्रवी वनस्पतींनी काठ व्यापले आणि स्थानिक जातींच्या माशांची पैदास घटली. त्याचा परिणाम सारस क्रौंचावरही झाला. महाराष्ट्रात हा पक्षी मुख्यत्वे गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांतच उरला असून तो तलावांच्या काठी व भाताच्या बांध्यांत घरटी करतो. त्याचे रक्षण अभयारण्याच्या हद्दीत होऊ शकत नाही. ते शेतकऱ्याच्या हाती आहे.

राखीव वने व अभयारण्ये : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य प्रांतात वनखात्याची घडी बसली व मोठी क्षेत्रे राखीव झाली. साग, ऐन, बिजा, धावडा, तिवस, मोह, तेंदू व बांबू हे येथील शुष्क पानझडी वनांतील प्रमुख वृक्ष व वनस्पती आहेत. मोहफुले व तेंदूपाने गोळा करणे हा आदिवासी व अन्य ग्रामस्थांचा उन्हाळ्यातील मोठा आधार असून भंडारा–गोंदियाचा विडी उद्योग तेंदूपानांवरच उभा राहिला. राखीव वनांमुळे झाडे वाचली, तरी गावकऱ्यांचे निस्ताराचे जुने हक्क आकुंचित झाले. वन कोणाचे, हा वाद तेव्हापासून येथे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यास नवे वळण दिले.

या वनांपैकी नागझिरा हे १९७० मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्र सु. १५३ चौ. किमी. आहे. टेकड्यांनी वेढलेला येथील तलाव उन्हाळ्यातही वन्य पशूंचे आश्रयस्थान असतो. वाघ, बिबळ्या, रानगवा, सांबर, चितळ, नीलगाय, अस्वल व रानकुत्री हे येथील उल्लेखनीय प्राणी होत. नवेगाव येथे १९७५ मध्ये सु. १३४ चौ. किमी. क्षेत्राचे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. हिवाळ्यात तेथील तलावावर स्थलांतरित बदके व अन्य पाणपक्षी मोठ्या संख्येने येतात. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी येथे सेवा केली. त्यांच्या लेखनामुळे नवेगावबांध मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले. नवे नागझिरा हे अभयारण्य २०१२ मध्ये व भंडाऱ्याजवळचे कोका अभयारण्य २०१३ मध्ये घोषित झाले. २०१३ मध्येच ही सर्व क्षेत्रे एकत्र करून नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्प निर्माण करण्यात आला. गाभा क्षेत्र सु. ६५० चौ. किमी. असलेल्या या प्रकल्पात २०२३ मध्ये चंद्रपूरच्या वनांतील दोन वाघिणी आणून सोडण्यात आल्या.

दरेकसा व कचारगड : गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकास दरेकसाच्या घाटात हाजरा धबधबा आहे. पावसाळ्यात व त्यानंतरच्या काही आठवड्यांत तो विशेष शोभिवंत दिसतो. जवळच कचारगड येथे विस्तीर्ण नैसर्गिक गुहा असून गोंड समाजाचे ते परमपवित्र स्थान आहे. माघ पौर्णिमेच्या यात्रेस अनेक राज्यांतून गोंड भाविक येतात. प्रेक्षणीय स्थळ म्हणून येथे जाणाऱ्या प्रवाशाने त्याचे हे महत्त्व लक्षात ठेवणे उचित होय.

वनांची सलगता : या खोऱ्यातील संरक्षित क्षेत्रे आकाराने लहान आहेत. वायव्येस पेंच, ईशान्येस कान्हा, दक्षिणेस ताडोबा अशा मोठ्या व्याघ्रवनांच्या मध्ये ती पायऱ्यांच्या दगडांसारखी पसरली आहेत. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ नावाचा वाघ २०१३ मध्ये शेते, रस्ते व नदी ओलांडून उमरेड–कऱ्हांडला अभयारण्यात पोहोचला आणि २०१६ मध्ये तो बेपत्ता झाला. त्याच्या प्रवासाने वाघांच्या वाटा अजून शाबूत असल्याचे दिसून आले, तर त्याच्या बेपत्ता होण्याने त्या किती असुरक्षित आहेत तेही उघड झाले. नागझिरा व नवेगाव यांच्यामधून मुंबई–कोलकाता महामार्ग जातो. पेंचमधून जाणाऱ्या नागपूर–सिवनी महामार्गाखाली प्राण्यांसाठी भुयारी वाटा ठेवण्यात आल्या असून वाघांसह अनेक प्राणी त्यांचा वापर करीत असल्याचे आढळले आहे.

नाकाडोंगरीच्या टेकड्यांचे महत्त्व या संदर्भात कळून येते. येथे राष्ट्रीय उद्यान नाही, पर्यटकांची गर्दीही नाही. परंतु पेंच व कान्हा यांच्या वनांना वैनगंगेच्या खोऱ्यातील वनांशी जोडणाऱ्या पट्ट्यात या टेकड्या येतात. खाणी, पाटबंधारे, शेती व वन यांची सांगड येथे कशी घातली जाते, यावर दूरच्या अभयारण्यांचे भवितव्यही अवलंबून राहील.

या प्रदेशाच्या प्रवासास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सुखावह असतो. वन्य पशू पाहण्यास एप्रिल–मे हे महिने अधिक अनुकूल असून पावसाळ्यात अभयारण्ये पर्यटनासाठी बंद असतात. भंडारा, तुमसर, साकोली व गोंदिया येथून बहुतेक स्थळी मोटारमार्गाने जाता येते.