मोडलेला शेंडा

मागच्या गणपतीत मी मामाचा फिशिंग रॉड मोडला. मोठा मासा ओढताना वगैरे मोडला असता तर निदान चारचौघांत सांगायला गोष्ट तरी झाली असती. मी तो गाडीच्या दारात चिरडला. मालवणात खाडीवर निघालो होतो, शेंडा बाहेर राहिलाय हे न बघता दार धाडकन लावलं आणि 'कट्' असा अगदी छोटासा आवाज आला.

मामा मर्चंट नेव्हीत होता. १९८३ साली सिंगापूरहून त्याने तो रॉड आणला होता. बोटीवरच्या दिवसांतली आता एवढी एकच वस्तू घरात उरलीय. मामा रागावला नाही. "जाव दी रे, जुनोच होतो तो," एवढंच म्हणाला आणि नंतर दिवसभर त्या विषयावर अवाक्षर नाही. मामा ज्यावर बोलत नाही ते गंभीर असतं, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

तुकडे पुण्याला घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, "हे फायबरग्लास आहे साहेब. रिपेअर कोण करत बसतंय? कार्बनचा नवा घ्या." मी इंजिनिअर असल्यामुळे (डिग्री तरी तसं म्हणते) अपमान वाटला, आणि तो शनिवार-रविवार वाचण्यात गेला. त्यातून जे सापडलं ते इथे मांडतोय.

फायबरग्लासच्या आधी चांगला रॉड म्हणजे बांबू. पण अख्खा बांबू नव्हे. बांबूची सगळी ताकद त्याच्या सालीलगतच्या धाग्यांत असते, आतला गर बिनकामाचा. म्हणून १८४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावच्या सॅम्युएल फिलिप या बंदुका करणाऱ्या कारागिराने (गडी व्हायोलिनही बनवायचा) बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या साल बाहेर ठेवून सरसाने चिकटवायला सुरुवात केली. पुढे १८७० च्या दशकात मेनमधल्या हायरम लिओनार्डने त्रिकोणी पट्ट्या अचूक तासणारं यंत्र बनवलं. सहा पट्ट्यांचा षट्कोनी रॉड रूढ व्हायला त्याचा मोठा हातभार लागला. हे यंत्र तो कुलूपबंद खोलीत ठेवायचा. आपल्याकडे सोर्स कोड दाखवत नाहीत, तसंच.

आणि सुरुवातीला हा बांबू कुठून यायचा? आपल्याकडून! अमेरिकेत त्याला 'कलकत्ता केन' म्हणत, कारण तो कलकत्ता बंदरातून जायचा. त्यावर भाजल्याचे काळे डाग असत. जुन्या रॉडचे जाणकार आजही त्या डागांवरून तो ओळखतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची जागा 'टोंकिन केन'ने घेतली. टोंकिन म्हणजे उत्तर व्हिएतनाम, पण हा बांबू येतो चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून. नाव भलतंच, बांबू मात्र जास्त सरळ आणि चिवट.

आता येतो आमच्या रॉडचा मूळपुरुष. डॉ. आर्थर हॉवल्ड. टोलेडोच्या एका काच कंपनीच्या प्लास्टिक विभागाचा तांत्रिक प्रमुख. १९४४ मध्ये मिशिगनला सुट्टीवर असताना त्याच्या लाडक्या बांबूच्या रॉडचा शेंडा मोडला. (गाडीच्या दारात मोडला असता तर मला फार बरं वाटलं असतं, पण तसं कुठे वाचलं नाही.) युद्ध चालू होतं, दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर जपानी बसले होते, नवा टोंकिन बांबू मिळणं शक्य नव्हतं. मग त्याने ऑफिसात रोज हाताळायचं तेच घेतलं: काचेचे धागे आणि रेझिन. त्यांचा नवा शेंडा केला. तो बांबूपेक्षा बरा निघाला, तेव्हा अख्खा रॉडच तसा का करू नये, असा विचार पुढे आला. शेक्सपियर नावाच्या कंपनीने १९४७ मध्ये तो 'वंडररॉड' म्हणून बाजारात आणला. नाटकवाल्याचा काही संबंध नाही, पण कंपनी काढणाऱ्याचं नाव खरोखरच विल्यम शेक्सपियर होतं.

पुढे कोरियन युद्ध पेटलं. डिसेंबर १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि टोंकिन बांबू तोडला. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. तोवर बांबूचे बहुतेक कारखाने मागे पडले होते. १९७३ मध्ये फेनविकने कार्बनचा रॉड आणला आणि मग फायबरग्लासही म्हातारा झाला. पण मला अडकायला झालं ते हॉवल्डपाशी. म्हणजे मामाचा रॉड ज्या जातीचा, ती जातच मुळात एका दुरुस्तीतून जन्माला आली. आणि दुकानदार म्हणतो रिपेअर कोण करतंय!

मग केलं. रॉड पोकळ नळी असतो, एका बाजूला निमुळता. दुसऱ्या एका भंगार रॉडचा चार इंची तुकडा घासून घासून असा केला, की जाड बाजूने आत सरकवल्यावर तो मोडलेल्या जागी येऊन घट्ट अडकेल. बाहेरून नळी बसवणं सोपं, पण तिथे वाक मरतो. आतला तुकडा वाकाला जास्त सांभाळून घेतो. फुटलेल्या कडा जुळवल्या, चोवीस तासांत सुकणारं इपॉक्सी लावलं (पाच मिनिटांवालं ठिसूळ होतं, मोह टाळा). वरून वेढ्याला वेढा लावून बारीक दोरा गुंडाळला. शेवटचं टोक आधीच दाबून ठेवलेल्या एका फासातून वेढ्यांखाली ओढून घ्यायचं, गाठ नाहीच. वर पुन्हा इपॉक्सी. ते ओघळू नये म्हणून सुकेपर्यंत रॉड फिरवत राहावं लागतं. एका हाताने रॉड फिरवत, म्यूटवर, दोन तासांचा क्लायंट कॉल ऐकला. त्या कॉलमधून निष्पन्न झालेली ही एकमेव गोष्ट.

दिवाळीत मालवणला घेऊन गेलो. मामाने काही न बोलता रॉड हातात तोलला, दोनदा हवेत झटकला, आणि डोळे मिटून बोट शेंड्याकडे सरकवत नेलं. बरोब्बर सांध्यावर थांबला.

"हंयसर जरा ताठ लागता," म्हणाला. आणि चपला घालून खाडीकडे निघाला. या वेळी रॉड त्याने स्वतःच उचलला होता, गाडी नको म्हणाला.