हनीसकल (झुडूपवर्गीय)

हनीसकल : समशीतोष्ण प्रदेशांतील बागांमध्ये सुगंधी फुलांसाठी, रंगीत फळांसाठी आणि कुंपणासाठी लावली जाणारी झुडपे. कुल कॅप्रिफोलिएसी, प्रजाती लोनिसेरा. फ्रँकफुर्टचे सोळाव्या शतकातील वैद्य व वनस्पतिज्ञ आडाम लोनित्सर यांच्यावरून लिनीअसने प्रजातीला हे नाव दिले. या प्रजातीत दीडशेहून अधिक जाती असून त्या जवळजवळ सर्व उत्तर गोलार्धातील आहेत. हनीसकल म्हटले की सहसा वेल आठवतो. प्रत्यक्षात बहुसंख्य जाती झुडपेच आहेत, आणि बागेत त्यांची निगा वेलापेक्षा वेगळ्या रीतीने घ्यावी लागते.

पाने साधी, समोरासमोर, अखंड कडांची. फुले पानांच्या बगलेत जोडीजोडीने येतात. पुष्पमुकुट नळीसारखा, बहुधा द्विओष्ठी; केसरदले पाच; मध नळीच्या तळाशी. फळ लहान, रसाळ, लाल, काळे, निळे किंवा पांढरे. काश्मीरपासून पूर्वेकडे हिमालयात आढळणाऱ्या लोनिसेरा क्विन्क्वेलोक्युलॅरिस या जातीची फळे अर्धपारदर्शक पांढरी असतात. बहुतेक जातींची फळे माणसाने खाल्ल्यास पोट बिघडते, म्हणून लहान मुलांचा वावर असेल तिथे जागा विचार करूनच निवडावी. निळ्या लांबट फळांची लोनिसेरा सेरुलिया मात्र खाद्य आहे; रशिया, जपान आणि कॅनडात तिची लागवड होते. फळ धरण्यासाठी तिचे दोन वेगळे वाण जवळजवळ लावावे लागतात.

शोभेच्या जातींत पहिला मान लोनिसेरा फ्रॅग्रॅन्टिसिमाला द्यायला हवा. रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पती-संग्राहकाने 1845च्या सुमारास ती चीनमधून इंग्लंडला नेली. सुमारे दोन मीटर उंचीचे हे झुडूप एरवी डोळ्यांत भरत नाही. पण ऐन हिवाळ्यात, जवळजवळ निष्पर्ण फांद्यांवर, त्याला मलईसारखी पांढरी फुले येतात आणि त्यांचा लिंबाच्या छटेचा वास थंड हवेत लांबवर जातो. अशा दिवसांत बाहेर पडणाऱ्या भुंग्यांना दुसरे काही फुललेले क्वचितच मिळते. हे झुडूप बागेच्या टोकाला लावणे म्हणजे ते वाया घालवणे. त्याची जागा रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, दाराजवळ. सायबेरिया व मध्य आशियातील लोनिसेरा टाटारिका तीन मीटरपर्यंत वाढते, कडाक्याची थंडी सोसते आणि वसंताच्या अखेरीस गुलाबी, पांढऱ्या किंवा गडद लाल फुलांनी भरते. अर्नेस्ट विल्सनने 1908 मध्ये चीनमधून आणलेली लोनिसेरा निटिडा बारीक पानांची, सदाहरित असून तिचे दाट कुंपण होते. ते उन्हाळ्यात दोन-तीनदा कातरावे लागते आणि दीड मीटरच्या वर नेले तर कलते. बॉक्सवुडची कुंपणे बुरशीने जाऊ लागल्यापासून युरोपात तिला मागणी आहे.

लागवडीला पाण्याचा निचरा होणारी कोणतीही जमीन चालते, चुनखडीचीसुद्धा. ऊन किंवा विरळ सावली पुरते. दाट सावलीत झाड जगते, पण फुले रोडावतात. पानगळीनंतर किंवा वसंताच्या सुरुवातीला खड्ड्यात कुजलेले शेणखत मिसळून रोप लावावे. पहिले वर्षभर मुळांशी ओल टिकवावी आणि दर वसंतात बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे. नत्रखताचा मारा केल्यास पाने माजतात व मावा येतो.

खरे कौशल्य छाटणीत आहे. या झुडपांवर बहर येतो तो आदल्या वर्षी वाढलेल्या फांद्यांवर. हिवाळ्यात बाग साफ करताना सरसकट शेंडे छाटले तर येणारी फुलेच कापली जातात. झुडूप फुलत नाही अशी तक्रार असते तेव्हा पुष्कळदा हेच घडलेले असते. छाटणी बहर ओसरल्याबरोबर करावी, म्हणजे नव्या फुटीला पुढच्या बहरापर्यंत पुरेसा वेळ मिळतो. शेंडे एकसारखे भादरणेही चुकीचे, त्याने वर झुपका आणि खाली उघडे खोड अशी कळा येते. त्याऐवजी दरवर्षी सर्वांत जुन्या फांद्यांपैकी तिसरा-चौथा हिस्सा थेट जमिनीलगत काढावा. अगदी दुर्लक्षित झुडूप हिवाळ्याच्या अखेरीस वीतभर उंचीवर कापले तरी पुन्हा फुटते. एका वर्षाचा बहर तेवढा जातो. कातरून राखायच्या कुंपणाला यातले काही लागू नाही.

अभिवृद्धी छाट कलमांनी सहज होते. मावा हा मुख्य उपद्रव. टाटारिकावरील एका माव्यामुळे शेंड्यांना खराट्यासारखे झुपके येतात. ते कापून नष्ट करावेत. टाटारिकाचा 'अर्नोल्ड रेड' हा वाण या माव्याला सहसा दाद देत नाही. मुळे कोरडी पडली की भुरी रोग बळावतो.

महाराष्ट्राच्या सपाटीवर ही झुडपे रमत नाहीत, कारण त्यांना लागणारी थंडी इथे मिळत नाही. पुण्या-मुंबईच्या बागांतील नारिंगी फुलांचे केप हनीसकल हे दक्षिण आफ्रिकेतले, टेटूच्या कुलातले निराळे झुडूप आहे. ते नव्या फुटीवर फुलते, त्यामुळे वरील छाटणीचा नियम त्याला लावू नये.

अमेरिकेत लोनिसेरा झुडपांचा इतिहास दुखरा आहे. लोनिसेरा माकी ही परकी जात 1898 मध्ये न्यूयॉर्क वनस्पती उद्यानात पोहोचली. पुढे सरकारी मृदसंधारण खात्यानेच पक्ष्यांच्या चाऱ्यासाठी आणि धूप थांबवण्यासाठी तिचा प्रसार केला. पक्ष्यांनी फळे खाऊन बिया रानोमाळ नेल्या. ही झुडपे स्थानिक वृक्षांच्या आधी पालवतात आणि उशिरा झडतात, त्यामुळे जंगलातल्या वसंतफुलांना ऊनच मिळत नाही. फळांत साखर असते, पण पक्ष्यांना लांबच्या स्थलांतराला लागणारी चरबी फारशी नसते. लोनिसेरा मोरोवी या जपानी जातीची फळे खाऊन तर सीडार वॅक्सविंग पक्ष्याच्या शेपटीचे पिवळे टोक नारिंगी होऊ लागले. न्यू इंग्लंडमधील अनेक राज्यांत टाटारिका, मोरोवी आणि माकी यांची विक्री बंद आहे, आणि ही बंदी रास्त आहे. तिथल्या आपल्या मराठी घरांच्या परसातही ही झुडपे आयती उगवलेली असतात. जुनी फांदी मोडून पाहावी : गाभा पोकळ निघाला तर ती या परक्या जातींपैकी, पांढरा भरीव निघाला तर स्थानिक आणि राखण्याजोगी. लहान रोपे ओल्या मातीतून मुळासकट उपटता येतात. मोठे झुडूप नुसते कापल्यास बुंध्यातून फुटत राहते, तेव्हा खुंट खणून काढावा लागतो. शोधायला उत्तम काळ ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, कारण बाकीचे रान झडलेले असताना हीच तेवढी हिरवी दिसतात.